खाऱ्या हवेतला संगणक : वाचकांचे प्रश्न

गणपती झाले की या सदराकडे कोकणातून येणारी पत्रे वाढतात, आणि त्यांतली बरीचशी घरच्या संगणकाविषयी असतात. या वेळी निवडलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एक गोष्ट सारखी आढळली: बिघाड नेमका कुठे आहे हे पाहण्याआधीच कोणता भाग बदलायचा हे ठरून गेलेले आहे. म्हणून खालच्या उत्तरांत भाग बदलण्यापेक्षा तो तपासायचा कसा, यावर भर दिला आहे.

प्रश्न : गुहागरचे आमचे घर जून ते ऑगस्ट बंद असते. गणपतीला आल्यावर मुलाने संगणक सुरू केला, तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला आणि आतून थांबून थांबून लांब बीप वाजत राहिली. ओळखीतल्या एकाने मदरबोर्ड गेला असे सांगितले. संगणक पाच वर्षांचा आहे. तो काढून टाकावा का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : काढून टाकू नये, आणि तूर्त मदरबोर्डही (सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य फलक) बदलू नये. बटण दाबल्यावर विंडोज सुरू होण्याच्या आधी संगणक आपले मुख्य भाग जागेवर आहेत की नाहीत हे पाहून घेतो. या पहिल्या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. पडदा उजळण्यापूर्वीच एखादा भाग सापडला नाही, तर ते सांगायला त्याच्याकडे बीप वाजवण्याखेरीज फारसा मार्ग नसतो. म्हणजे आपला मदरबोर्ड निदान तक्रार सांगण्याइतका तरी शाबूत आहे. बीपांचे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि नेमका अर्थ मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा लागतो. तरीही थांबून थांबून वाजणारी लांब बीप ही अनेक मदरबोर्डांत रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, न सापडल्याची खूण असते. नव्या संगणकांत बीप वाजवणारा स्पीकर बहुधा नसतो. त्याऐवजी काही मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (पडद्यावरचे चित्र) आणि बूट (विंडोज सुरू होणे) अशी नावे छापलेले चार बारीक दिवे असतात, आणि तपासणी ज्या भागापाशी अडते त्याचा दिवा पेटलेला राहतो.

तीन महिने बंद घरात रॅमचे काय झाले असेल, हे समजायला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवावी. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन त्यात विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण वर्षभर संगणकात शिरत असतात आणि धुळीबरोबर आत बसून राहतात. कोरड्या दिवसांत त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. पावसाळ्यात मात्र आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहिली की त्याच धुळीचा ओलसर, वीज वाहून नेणारा थर होतो, आणि चालू संगणकाला जी स्वतःची ऊब असते ती बंद संगणकाला नसल्यामुळे तो थर वाळतही नाही. रॅमच्या कडेवरच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो खरा, पण तो फारच पातळ असतो. तो जिथे झिजलेला असेल तिथे खालच्या धातूला गंज धरतो, आणि इतरत्र नुसते किटण बसले तरी खाचेशी होणारा संपर्क तुटायला तेवढे पुरते.

तपासणीची रीत अशी. संगणकाची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग संगणक सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटची बाजू उघडल्यावर लगेच हात न घालता विजेरीच्या उजेडात दोन मिनिटे नुसते निरीक्षण करावे. मदरबोर्डवर डबीसारखे उभे असणारे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) माथ्यावर सपाट हवेत. माथा फुगलेला असेल किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग असेल, तर तो कपॅसिटर गेलेला आहे. सोल्डरच्या टाक्यांवर हिरवट थर दिसला तर तो तांब्याचा गंज. मुंग्यांचे घर, पालीची घाण आणि कोळ्याची जाळी कोकणातल्या संगणकात नेहमीच सापडतात. बंद घरातला एक संगणक मी उघडला होता, त्याच्या एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डबीच्या) मागच्या जाळीवर कुंभारीण माशीने मातीची घरे केली होती. पंखा व्यवस्थित फिरत होता, पण हवा बाहेर जायला वाटच उरली नव्हती आणि संगणक तापून दहा मिनिटांत बंद पडत होता. त्याच्या मालकाने तोवर प्रोसेसरचा पंखा बदलून पाहिला होता. एसएमपीएसची डबी मात्र स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल एवढी वीज उरलेली असू शकते.

रॅम काढण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. खाचेच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की रॅमची पट्टी वर येते. ती कडांना धरून पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी पट्ट्यांवरून दोन-तीनदाच हलका हात फिरवावा, जोर लावू नये, आणि चुरा कोरड्या ब्रशने खाचेपासून दूर झटकावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर त्यात भिजवलेल्या सुती कापडाने पुसणे अधिक चांगले. सॅनिटायझर, अत्तर किंवा पेट्रोल वापरू नये. उघडे कॅबिनेट दिवसभर पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे आणि मगच पट्टी खिट्टीचा टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. पट्ट्या दोन असतील तर आधी एकच बसवून पाहावी, मग तिच्या जागी दुसरी, मग तीच दुसऱ्या खाचेत. प्रत्येक वेळी वायर काढूनच हात घालावा, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर दोष पट्टीत होता की खाचेत हे कधीच कळत नाही.

संगणक सुरू झाल्यावर तारीख-वेळ पाहावी. ती काही वर्षे मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरला आहे. त्याचे नाव सीआर २०३२. त्यातला २० हा आकडा मिलिमीटरमध्ये व्यास सांगतो आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टांच्या किंचित वर दिसतो, २.८ च्या खाली गेलेला बदलून टाकावा. हा बिघाड छोटा, पण फसवा असतो. तारीख चुकलेली असली की बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही आणि लोक दोष इंटरनेटला देतात.

पुढच्या जूनमध्ये घर बंद करताना संगणक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत ओल कोंडते. सुती चादर पुरे. घराची किल्ली शेजारी असेल, तर त्यांना आठवड्यातून एकदा तासभर संगणक सुरू ठेवायला सांगावे. त्याच्या स्वतःच्या उबेइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

प्रश्न : घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत; त्यांच्या नोंदी संगणकावर ठेवतो. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर लावला तर मंद पेटतो. शिवाय इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दोनदा एसएमपीएस बदलून झाला. आता काय बदलावे? (एक व्यावसायिक, मालवण)

उत्तर : संगणकातले काहीही बदलू नये. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि आपण लिहिले आहे त्यावरून दोन्हींचे मूळ संगणकाच्या बाहेर दिसते.

आधी झिणझिण्यांचे पाहू, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. येणाऱ्या विजेतला गोंधळ गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग धड असेल तर त्यांतून झिरपणारी किंचितशी वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टांवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे झिणझिण्यांवरच निभावते. नव्या एसएमपीएसमध्येही तेच कपॅसिटर असतात. म्हणून दोनदा खर्च करूनही फरक पडला नाही. पण ज्या घरात अर्थिंग नाही त्या घरात उद्या पंपाची किंवा गिझरची फेज पत्र्याला लागली, तर झिणझिण्यांवर भागणार नाही. आपल्याकडे पाहुणे राहतात, तेव्हा हे काम पुढे ढकलू नये.

परवानाधारक वायरमनकडून संगणकाच्या सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही मापे जवळजवळ सारखी, २३० च्या आसपास यायला हवीत. न्यूट्रल ते अर्थ हे माप दोन-तीन व्होल्टांच्या आत असावे. फेज ते अर्थ कमी किंवा डळमळीत आले, तर दोष सॉकेटपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत कुठेतरी आहे. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत खड्डा मुळात उथळ असतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की जमिनीशी संपर्क उरत नाही. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने तारेचा नट-बोल्ट गंजून गेलेला अनेकदा आढळतो. खड्डा पुन्हा कोळसा-मीठ घालून भरणे, जोड साफ करून घट्ट करणे आणि चैत्र-वैशाखात त्यात नेमाने पाणी ओतणे, एवढ्याने बहुतेक काम होते. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून झिणझिण्या थांबवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती मुळीच मान्य करू नये. न्यूट्रल तुटला की घरातला प्रत्येक पत्रा थेट फेजवर जातो. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो याच वेळी बसवून घ्यावा.

आता इन्व्हर्टर. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर संगणकाला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद सांभाळू शकतो, आणि आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या एका आवर्तनालाच २० मिलिसेकंद लागतात. इन्व्हर्टरने त्या १६-१७ मिलिसेकंदांच्या आत घराची वीज बॅटरीवर आणली नाही तर संगणक बंद पडणारच. पंखा आणि दिवे यांना तो खंड जाणवत नाही, इतकेच. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरांच्या मागे किंवा पुढे यूपीएस असे लिहिलेली एक कळ असते. ती दुसऱ्या बाजूला असेल तर यूपीएसकडे करावी आणि सगळ्या फाइली बंद करून, मुख्य स्विच पाडून पाहावा. तरीही संगणक बंद होत असेल, तर इन्व्हर्टरवर विसंबण्यापेक्षा एक छोटा यूपीएस घेणे स्वस्त पडते, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांपेक्षा तर नक्कीच. त्यातली १२ व्होल्टांची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. दोन महिन्यांपासून संगणक फार सावकाश चालतो, मधूनच निळा पडदा येतो, आणि कधीकधी आतून टकटक ऐकू येते. दुकानात ‘हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड दोन्ही गेले’ असे सांगितले. शाळेच्या नोंदींबरोबरच वडिलांनी म्हटलेल्या जाखडीच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण त्यावर आहे. खात्री घरी कशी करावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खात्री नंतर करू, आधी वडिलांचा आवाज सुरक्षित ठिकाणी न्यावा. पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी, या क्रमाने फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवाव्यात: प्रथम ध्वनिमुद्रण, मग शाळेच्या नोंदी, मग बाकीचे. उतरवताना टकटक सलग होऊ लागली किंवा डिस्क दिसेनाशी झाली, तर तिथेच संगणक बंद करावा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क जशीच्या तशी न्यावी. अशा डिस्कवर दर वेळी वीज देणे म्हणजे आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडण्याची आणखी एक संधी देणे. विंडोजची ‘चेकडिस्क’ ही दुरुस्ती तपासणी फाइली बाहेर निघण्यापूर्वी चालवू नये. ती पूर्ण डिस्क वाचायला लावते, आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तोच ताण भारी पडतो.

फाइली निघाल्यावर तपासणीला बसावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवते. वरचा निळा, पिवळा किंवा लाल रंग पाहून थांबू नये. खालच्या यादीतल्या चार ओळी वाचाव्यात. ०५ या ओळीत डिस्कने खराब म्हणून वगळलेल्या जागांची संख्या असते. सी५ मध्ये वाचता न आल्यामुळे निर्णय न झालेल्या जागा, तर सी६ मध्ये तपासणीअंती दुरुस्त न झालेल्या. या तिन्हींत शून्य असावे. शून्याहून वेगळा आकडा आला आणि आठवड्याभरात तो वाढला, तर डिस्क बदलायची, यात शंका ठेवू नये. हे आकडे बहुधा सोळाच्या पायावर लिहिलेले असतात; तिथे १० दिसले तर ते सोळा समजावेत.

चौथी ओळ सी७. तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाला मी डिस्क बदलायला लावली होती, कारण संगणक अडखळत होता आणि यादीत एक आकडा मोठा दिसत होता. नव्या डिस्कवरही तोच आकडा चढत राहिला तेव्हा मी नीट वाचले: सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलमधून जाताना बिघडलेला डेटा. केबलचे टोक काढून पाहिले, तर आतल्या सात बारीक पट्ट्यांपैकी दोन काळवंडलेल्या होत्या. केबल काही रुपयांची, डिस्क काही हजारांची. आपल्या यादीत पहिल्या तीन ओळी शून्य आणि फक्त सी७ वाढता असेल, तर ही केबल (तिला साटा केबल म्हणतात) बदलून आठवडाभर वाट पाहावी. हा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

यादी स्वच्छ असली म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. आपल्या डिस्कची टकटक हा स्वतंत्र पुरावा आहे आणि तो मी यादीपेक्षा वरचा मानतो.

मदरबोर्डाबद्दल मात्र दुकानदाराने काय तपासले हे विचारावे. मरणासन्न डिस्क एकटीच सावकाशपणा आणि निळा पडदा दोन्ही आणू शकते. निळा पडदा येईल तेव्हा त्यावरच्या संकेताचा मोबाइलवर फोटो काढावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली तर घाबरू नये. तिचा अर्थ संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढाच आहे, ती कारण सांगत नाही. त्याच नोंदवहीतल्या ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी मात्र हार्डवेअरकडेच बोट दाखवतात. डिस्क बदलल्यावर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवावे. ते विंडोजशिवाय चालते, त्यामुळे विंडोजच्या दोषांचा त्यात गोंधळ होत नाही. सकाळी एकही चूक दाखवली असेल तर रॅमची पट्टी सदोष धरावी. मग एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे: नुसता सुरू असलेला संगणक आपल्याकडच्या उकाड्यात ४०-५० अंशांवर असणे ठीक, पण साध्या कामातच तो ९० च्या वर जात असेल तर पंख्याची धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट यांकडे पाहावे. डिस्क, रॅम, तापमान आणि एसएमपीएसची १२ व्होल्टांची तार (ती ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी) हे सारे चोख निघून निळा पडदा येतच राहिला, तरच मदरबोर्डाचे नाव घ्यावे. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग दुकानातून परत मागून घ्यावा.

प्रश्न : ‘आपल्या संगणकाच्या हार्डवेअरमध्ये १७ दोष सापडले’ असे सांगणारी खिडकी सारखी उघडते आणि पैसे भरायला सांगते. भरावेत का? (एक विद्यार्थी, श्रीवर्धन)

उत्तर : भरू नयेत, आणि तिथे दिलेल्या क्रमांकावर फोनही करू नये. ब्राउझरमधले पान डिस्कची किंवा रॅमची अशी तपासणी करूच शकत नाही. वर सांगितलेली सॉफ्टवेअरे घरगुती वापरासाठी विनामूल्य आहेत; ती मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावीत.

प्रश्न : काजूच्या धंद्याचे हिशेब ज्या लॅपटॉपवर ठेवतो त्याचा टचपॅड वर उचलला गेला आहे आणि झाकण नीट मिटत नाही. स्क्रू सैल झाले असतील का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : स्क्रू नव्हे, खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे उत्तर वाचताच चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि झाकण जोर लावून मिटू नये. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. ती स्वतः न उकरता सेवा केंद्रातून काढून घ्यावी. पुष्कळ लॅपटॉप बॅटरीविना थेट चार्जरवर चालतात, तेव्हा हिशेब अडणार नाहीत. सेवा केंद्रातच तसे चालवून पाहावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून नवी घेताना जुनी तिथेच द्यावी, घरच्या कचऱ्यात किंवा पालापाचोळ्याच्या शेकोटीत टाकू नये. काही कारणाने ती एक-दोन दिवस घरी ठेवावी लागली, तर टोकांना चिकटपट्टी लावून, घराबाहेर, पावसापासून आडोशाला, पत्र्याच्या बादलीत कोरड्या वाळूवर ठेवावी. ती वाळू पुळणीवरची घेऊ नये. तिच्यातले मीठ ओल धरते.